शेवटची पोर

रंगाचा डबा उघडला की त्या वासानं जोहे गावातल्या गणपती कारखान्यातली ती दुपार आठवते. डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर परदेशातली मोठी जलतरण स्पर्धा चालली होती. रिलेत आपल्या देशाच्या मुली फार मागे पडल्या. पहिला संघ पोचला, तसे सगळे जेवायला उठले. माझ्या शेजारी मूर्ती रंगवत बसलेली आई उठेना. "चल गो आये, संपली शर्यत," मी म्हटलं. "संपली कशी? आपली पोर पाण्यात हाय अजून." आमच्या खाडीकाठी कुणी पाण्यात असलं की मागे राहिलेली माणसं काठ सोडत नाहीत. ती पोर बाहेर आली, तेव्हाच आईनं हात धुतले. आता आई नाही. शर्यत असली की मीही शेवटच्या पोरीसाठी थांबते. चल गो म्हणून जेवायला उठवणारं घरात कोणी नाही.