सुधाकाकूंच्या झिलाच्या पायावरचा डाग

"डॉक्टरांनू, माकडताप नाय मां?" सुधाकाकूंनी दारातूनच विचारलं. मागे त्यांचा मुलगा महेश, तापाने लाल झालेला. महेश बोटीवर कुक आहे. चार दिवसांपूर्वी रजेवर घरी आला होता.

माझा दवाखाना कसाल गावात. काजूचा हंगाम चालू होता. काजूच्या बागांतली गोचीड चावून येणारा माकडताप आमच्याकडे याच दिवसांत निघतो. त्यावर नेमकं औषध नाही. काकूंच्या शेजारचे तात्या गेल्या वर्षी त्यातच गेले, त्यामुळे काकू घाबरल्या होत्या. भीती मलाही वाटत होती. फक्त डॉक्टरला ती दाखवता येत नाही.

ताप एकशे तीन. जांघेत गाठ. गुडघ्यामागे वाटाण्याएवढी काळी खपली. हंगामात अशा खपल्या मी रोज बघतो. काजूच्या सालीतलं तेल, म्हणजे डीक, लागलं की कातडी जळून काळी पडते. मी खपलीकडे लक्षच दिलं नाही आणि वर काकूंनाच दटावलं, "सहा महिन्यांनी मुलगा घरी आला, आणि आल्या आल्या काजूच्या कामाला लावलात?"

काकूंची भीती कुठल्या कुठे पळाली. "मी? माझ्या झिलाक? चार दिस तेका पाण्याचो तांब्यो पण उचलूक दिलंय नाय! काजीत खंयसून जातलो तो?"

माझं पेन थांबलं. बागेत गेलाच नाही, तर ही खपली कसली?

"महेश, घरी येण्याआधी कुठे होतास?"

"बोट डरबनाक होती. एक दिस सगळे जंगल बघूक गेललंव. हाफ पँट घालून गवतात फोटो काढले." मग हळूच, "सिंह होते थंय, आयेक सांगूक नाय."

गोचिडी आफ्रिकेतही चावतात. तिथल्या एका तापात चावल्या जागी अशीच काळी खपली धरते. तिला एस्कार म्हणतात. आणि त्या तापावर औषध आहे, डॉक्सिसायक्लिनची साधी गोळी. ओळखीच्या फिजिशियनना फोटो पाठवला. "रक्त दोन्ही तापांसाठी पाठव, पण रिपोर्टची वाट बघू नकोस. गोळी सुरू कर," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. माकडतापाचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मला फार बरं वाटलं.

आठवड्याने काकू ओले काजूगर घेऊन आल्या. दहाही बोटं डिकाने काळी. "तेका नाय हां लावलंय सोलूक," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

मी बोटांना मलम दिलं. तापाच्या पेशंटला पहिल्यांदा विचारायचं असतं, कुठून आलास. मी ते विसरलो होतो. एका आईला उगाच बोललो, म्हणून निभावलं.