टिपणीसांनी नापास केलेली मंगलाष्टकं

पडदा वर जातो. कलकत्त्यात, डमडममधल्या एका फ्लॅटची झोपायची खोली. मे महिन्याची दुपार. खिडक्या बंद, त्यांवर रजया ठोकलेल्या, डोक्यावरचा पंखाही बंद. डावीकडे माइकसमोर घामाने निथळणारी रजनी. उजवीकडे एका बाजूने उघडलेला जुना संगणक आणि त्यात डोकं घालून बसलेले तिचे यजमान, अविनाश टिपणीस. प्रेक्षकांत मी एकटी, खालच्या मजल्यावरची म्हातारी. अर्धं आयुष्य संगीत नाटकांच्या दौऱ्यांत गेलं, म्हणून मला जाणकार ठरवून पलंगावर बसवलेलं. बोलायची परवानगी नव्हती. पदराने वारा घ्यायचीही नव्हती.

टिपणीस बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्यात उभी नोकरी सरली. बदलीवर आलेला माणूस कलकत्त्यातच राहिला. लेक अनुजा न्यू टाउनला कामाला. तिथल्याच एका बंगाली मुलाशी तिचं लग्न ठरलं. विधी सगळे त्यांच्याकडचे. रजनीने एकच मागणं मागितलं: मंगलाष्टकं मात्र आपली. आठही तिने स्वतः रचली. पण ऐन लग्नात आपल्याला रडू फुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आधीच गाऊन रेकॉर्ड करून ठेवायची आणि हॉलमध्ये लावायची, असं ठरलं.

"स्टुडिओत जाऊन या की," मी म्हटलं.

"ताई, घरी होतंय तर बाहेर कशाला?" असं म्हणून टिपणीसांनी बंद पडलेल्या एका कचेरीतला संगणक उचलून आणला.

तो मध्येच अडखळे. टिपणीसांनी चांदनी मार्केट गाठून रॅम वाढवली. अडखळणं थांबलं, तर आवाज गढूळ वाटू लागला. मग नवं साउंड कार्ड आलं, नवा माइक आला, आणि इथे खरी शोकांतिका सुरू झाली. जुन्या यंत्राला रजनीचाही आवाज धड ऐकू येत नसे. सुधारलेल्याला सगळंच ऐकू येऊ लागलं: समोरच्या घरातला शंख, मासेवाल्याची हाळी आणि छपराला घासून जाणारी विमानतळावरची विमानं.

"दुसऱ्या अष्टकात विमान आहे," टिपणीस हेडफोन काढून निर्णय देत.

"असू दे की हो! पाहुणे काय बैलगाडीने येणार आहेत?"

"चूक ती चूक, रजनी. पुन्हा."

आणि नापास झालेलं रेकॉर्डिंग ते तिथल्या तिथे पुसून टाकत. न जाणो, चुकून लग्नात तेच लागलं तर! एक तर असं उतरलं होतं की आमच्या नाटक कंपनीत वन्स मोअरवर वन्स मोअर पडले असते. "ताई, तुम्हाला संगणकाची घरघर ऐकू आली नाही," म्हणत तेही पुसलं. घरघर दबावी म्हणून संगणकाला गोधडी गुंडाळली, तर तो तापून बंदच पडला. मग त्याच्यासाठी बिनआवाजाचा पंखा आला. घामाघूम झालेल्या रजनीने त्या पंख्याकडे सवतीकडे बघावं तसं पाहिलं.

लग्नाच्या दिवशी यंत्र सर्वगुणसंपन्न झालं होतं. त्यात मंगलाष्टकं तेवढी नव्हती.

"बाबा, लावा ना," हातात हार घेऊन अनुजा म्हणाली.

"फायनल झालं नाही," टिपणीस पुटपुटले.

रजनीने नवऱ्याकडे एकच कटाक्ष टाकला. तसला कटाक्ष साधायला मला नाटकाचे तीन अंक लागले असते. मग तिने हॉलचा माइक उचलला. दोन अष्टकं झाली. तिसऱ्यात अनुजाच्या पहिल्या पावलाचं वर्णन होतं. तिथे रजनीला रडू फुटलं ते फुटलंच. विधी आटोपला असं समजून वराकडच्या बायका जीभ हलवून मंगल उलुध्वनी काढायच्या तयारीत. एवढ्यात मागून एक भसाडा आवाज उठला. टिपणीस! जन्मात कधी न गायलेले. पण चुका काढण्यासाठी इतक्यांदा कान लावून ऐकलेलं की आठही तोंडपाठ. अडलेली ओळ त्यांनी उचलली आणि मग थांबलेच नाहीत. प्रत्येक ओळीला नवा सूर, तोही कुठल्याच पट्टीत न बसणारा. रजनी रडता रडता हसायला लागली, आणि शेवटचं "सावधान" दोघांनी मिळून म्हटलं. अक्षता पडल्या.

मी जवळ गेले. "टिपणीस, सुरांची पार वाट लावलीत हो!"

त्यांनी डोळे पुसले आणि ताठ उभे राहिले.

"सुरांचं मला विचारू नका, ताई. ओळ एकही गाळलेली नाही. हवं तर तपासून बघा."