पायाखालचं फडकं

आईने बाबांच्या जुन्या पिकअपची किल्ली तूरडाळीच्या डब्यात लपवली, तेव्हा मला सुट्टी घ्यावीच लागली. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी मशिनी दुरुस्त करते, पण घरात माझं मत विचारतो कोण? आईने निकाल देऊन टाकला होता: बाबांचा गुडघा गेला, क्लच पुरता दाबला जात नाही, म्हणून गिअर करकरतो. गाडी विकायची.

बाबा तरुणपणी उमरेडला हातमागावर बसायचे. माग सुटला, सवय राहिली. मागाच्या पायाखालच्या पावड्यांसारखा क्लचही ते अनवाणीच दाबतात. पत्रा तापतो म्हणून पायाखाली जुन्या लुगड्याची घडी. ती तेलकट झाली की आई कुरकुरत धुऊन टाकायची. गुडघ्याला चोळलेलं तिळाचं तेलच खाली उतरतं, याची तिला खात्री होती.

"मी सांगून राहिलो ना, पाय ठीक हाय," बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. गाडी गेली तर हा माणूस ओट्यावर बसून खंगेल, याची मला खरंच धास्ती वाटत होती.

डाळ झटकून किल्ली घेतली आणि गाडी सुरू केली. माझे गुडघे ठणठणीत, तरी गिअर करकरलाच! मग क्लच भराभर तीन-चारदा दाबून पाहिला, तर गिअर निमूट पडला. म्हणजे क्लचच्या प्लेटा शाबूत होत्या, तेलाचा दाब कुठेतरी निसटत होता. बॉनेट उघडलं, तर क्लचच्या तेलाची डबी काठोकाठ भरलेली.

"बाबा, यात तेल कोण टाकते?"

"मीच. कमी दिसलं का टाकतो."

मग ते जातं कुठे? गाडीखाली सगळं कोरडं. मी डोकं पेडलच्या वर घातलं. पेडल ज्याला ढकलतं तो क्लचच्या सिलिंडरचा दांडा ओला होता, आणि तिथून थेंब सुटला तो थेट फडक्यावर. फडकं तसंच आईच्या नाकाशी नेलं.

"हे तीळ हाय का?"

आईने हुंगलं आणि नाक मुरडून फडकं परत दिलं.

सिलिंडरचं सील बदललं. आता नळीतली हवा काढायची, तर एकाने वर पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पान्याने नट सोडायचा. बाबा हाताची घडी घालून बाजूला झाले. "जिनं फडकं धुतलं, तिनंच दाबावं."

आई पदर खोचून सीटवर चढली. दाब, धरून ठेव, सोड. खाली बुडबुडे फुटत राहिले, वर आई कण्हत राहिली.

"अवो, इतका जोर लागते याले?"

"लागते," बाबा एवढंच म्हणाले.

शेवटी त्यांनी स्वतः बसून गिअर टाकला. आवाज आला नाही. बाबांचे डोळे भरले आणि माझेही. आईने हात घालून गाडी बंद केली, किल्ली काढली आणि सरळ घरात गेली. मला वाटलं, पुन्हा डाळीचा डबा.

ती आली ती बाबांचं एक पांढरं धोतर फाडून. त्याची घडी तिने क्लचखाली नीट पसरली.

"यावर डाग लवकर दिसन," म्हणाली, आणि किल्ली बाबांच्या हातात दिली.