तीन बुधवार

खरं सांगायचं तर यमुनाबाईंच्या औषधात गुपित असं काहीच नव्हतं. अंगणाच्या कडेला पावसात उगवणारी भुईआवळी मुळासकट उपटायची, वाटायची आणि उपाशीपोटी ताकातून द्यायची. पैसा घ्यायचा नाही. तीन बुधवार पुरे होईस्तोवर रोग्याला दुसऱ्या कुणाचं औषध घेऊ द्यायचं नाही. हा नेम सासूने घालून दिलेला. चाळीस वर्षं राजापूरच्या आसपासची काविळीची माणसं त्यांच्या ओटीवर येत आणि बरी होऊन जात. बाईंना त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

यंदा आषाढात मुंबईहून हर्षद आला, बाईंचा एकुलता एक, डोळे हळदीसारखे पिवळे घेऊन. पहिला बुधवार झाला. दुसऱ्यापर्यंत त्याने अन्न सोडलं. पुतणी तेजल फार्मसी शिकते. ती अक्षरशः पाया पडली, "काकी, इस्पितळात नेऊया त्याला."

"एकच बुधवार राहिलाय. नेम मोडला तर गुण जाईल," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या बुधवारी हर्षद आईला ओळखेना. रत्नागिरीला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, यकृत संपलं. शुक्रवारी तो गेला.

पाचव्या दिवशी बाईंनी तेजलला जवळ बसवलं. "माझ्या पाल्यात काय होतं, खरं सांग."

तेजलने चाचरत सांगितलं. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत भुईआवळी काविळीच्या एका विषाणूला रोखताना दिसली आहे. माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान, बऱ्याचशा कच्च्या. खात्रीने कुणीच सांगत नाही.

"आणि माझी बरी झालेली माणसं?"

"बरीचशी कावीळ आपोआप उतरते, काकी. विश्रांतीने."

म्हणजे चाळीस वर्षं आपण लोकांना नुसतं ताकच पाजलं की काय, एवढंच बाईंच्या मनात आलं. आणि पोटच्या पोराला त्याच नेमापायी अडवून ठेवलं. त्यांना रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी बुधवार. वरच्या वाडीतला भिकाजी नातीला खांद्यावर घेऊन सकाळीच दारात. पोरीचे डोळे पिवळे जर्द.

"मी देत नाय!" बाई ओरडल्या. "आताच्या आता रत्नागिरीला ने, रक्त तपासून घे."

भिकाजी वरमला. "चुकलाच माजा, काकी. सुतक फिटला नाय अजून. तेराव्यानंतर येतो."

"सुतक नाय रे बाबा! माझं औषध खोटं हाय. माझा पोर त्यापायीच गेला!"

भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराच्या दुःखाने म्हातारी भलतंच बोलतेय, असं त्याला वाटलं. त्याने वाकून नमस्कार केला. एसटीचा थांबा खालच्या अंगाला होता. भिकाजी पोरीला सावरत वर, घराच्या वाटेला लागला.