खिळा न ठोकलेली खोली

मनकर्णेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या दोघींच्या मध्ये एक लोखंडी खाट होती. शेजारच्या खोलीच्या दारात ती आडवी अडकली होती. मनकर्णा आत, मी बाहेर. खाटेच्या पट्ट्यांमधून मला तिचं घामेजलेलं कपाळ आणि एक डोळा तेवढा दिसत होता.

"बाई, जरा तुमच्याकडं वढा. नेट लावा."

मी नेट लावला. खाट बाहेर आली. पाठोपाठ ती आली, कमरेवर हात ठेवून खाटेकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आता उलटी आत घालू. डोकं खिडकीकडं पायजे."

ही गोष्ट एकाहत्तरच्या दिवाळीनंतरची. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शाळेत मी शिकवत होते आणि कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत शेवटून दुसऱ्या खोलीत राहत होते. शेवटची खोली कोणी घेत नसे. तिच्या पाठीशी मळीची टाकी होती. साखर काढल्यावर उरलेली ती काळी, दाट मळी उन्हात तापली की तिचा आंबूस वास नाकातून डोक्यात जाई. शिवाय मागच्या भिंतीला बारा महिने ओल. म्हणूनच ती खोली मनकर्णेच्या नवऱ्याला, सहादेवला, मिळाली होती. तो हंगामी कामगार. कायम कामगारानं मागितली तर खोली सोडायची, अशी बोलीच होती.

या 'सोडायची'मुळे मनकर्णेनं भिंतीला एकही खिळा ठोकला नाही. "कायम झाल्यावर ठोकीन," म्हणायची. मग सगळं बांधून, टेकवून, रचून. बारदानाची पोती तिनं सोड्यात उकळून मऊ केली, पुडीच्या हिरव्या रंगात बुडवली, खाली जुन्या इरकली लुगड्याचे काठ शिवले आणि तो पडदा पुढच्या खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधला. बाजारातून मोसंबीची रिकामी खोकी आणून त्यांचं कपाट रचलं. ते नेमकं मागच्या खिडकीपुढं, म्हणजे टाकी दिसायला नको आणि वासही थोडा अडेल. ओलीच्या भिंतीपुढं शिंदीची चटई उभी केली. विटांवर फळी, फळीवर गोधडी, गोधडीवर दोन उशा, त्यांच्या खोळी तिनंच भरलेल्या. ते झालं बसायला. उरलेल्या चुन्यात नीळ कालवून तिन्ही भिंती स्वतः सारवल्यासारख्या रंगवल्या. डालड्याच्या डब्यांत तुळस नव्हे, तर शोभेची पानं लावली होती. तुळस बाहेर होती.

पण काही ठोकलेलं नसल्यामुळे काही जागेवरही राहत नसे. दुपारी मी वह्या तपासत असले की भिंतीपलीकडून फरशीवर खाट घासल्याचा आवाज यायचा, मग विटांचा, मग थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा खाट. सहादेव पाळीवरून अंधारात घरी यायचा तेव्हा उंबऱ्यावरूनच विचारायचा, "मनकर्णे, आज खाट कुठंय?"

"उजव्या हाताला."

"काल डाव्या हाताला हुती."

"काल काल हुतं."

एकदा तो गुडघा चोळत मला म्हणाला, "बाई, बॉयलरपाशी काय भ्या न्हाई. घरात शिरायचं भ्या वाटतं."

तिला कशाची घाई होती, हे मला हळूहळू कळलं. त्यांचं गाव कर्जतकडे. दरवर्षी हंगाम संपला की बोचकी बांधून गावी, हंगाम लागला की परत. मुलगी छबू दोन वर्षं पहिलीतच होती. या खोलीमुळे ती प्रथमच वर्षभर एका शाळेत टिकली आणि माझ्या वर्गात पाढे म्हणू लागली. पुढं बाहत्तरचा दुष्काळ आला. गावाकडं विहिरीत खडक उघडे पडले, दीर-जावा खडी फोडायच्या कामावर गेले. परत जायला जागाच उरली नाही.

त्या संक्रांतीला मनकर्णेनं हळदीकुंकू केलं. रांगेतल्या सगळ्या बायका आल्या, कायम कामगारांच्यासुद्धा. पितळी तांब्यात बाभळीची पिवळी फुलं, उदाचा धूर, हिरवा पडदा उन्हात. बायका कोपरान् कोपरा न्याहाळू लागल्या. नव्यानं आलेल्या टाइमकीपरच्या पत्नी मालनबाई नगर शहरातल्या. त्यांनी पडद्याचं टोक बोटांत धरून पाहिलं.

"अगं बाई! हे सगळं तू केलंस?"

"मीच की. दुसरं कोन करनार?" मनकर्णा म्हणाली. त्या वेळचा तिचा चेहरा मला आजही दिसतो. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा असतो तसा.

मालनबाईंना मिळालेली खोली अंधारी होती. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटून मी घरी पोचले, तोच सहादेव गेटावरून धापा टाकत आला.

"टाइमकीपरनं आपली खोली मागितली. ओव्हरसियर सायब त्यास्नी घिऊन आत्ता येत्यात."

मनकर्णा खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. तिनं चारी बाजूंना पाहिलं. मग पदर खोचला आणि खिडकीच्या गजाची सुतळी सोडली.

"बाई, तुमचं दार उघडं ठेवा."

खिळा नव्हता, त्यामुळे काही उपटावं लागलं नाही. पडदा, खोळी, चटई, पानांचे डबे, सगळं माझ्या खोलीत आलं. खोकी हलवल्याबरोबर मागची खिडकी उघडी पडली आणि टाकीचा वास आत शिरला. सहादेवनं विटा मोरीपाशी नेऊन टाकल्या. ओलीची भिंत मागं काळीनिळी उभी होती.

ओव्हरसियर, टाइमकीपर आणि मालनबाई दारात आले तेव्हा आत खाट होती आणि एक माठ. मालनबाईंनी पदर नाकाला लावला.

"ही नव्हे हो ती खोली."

"शेवटची म्हणालात ना? हीच शेवटची," ओव्हरसियर म्हणाले.

त्या मागं वळल्या आणि त्यांची नजर माझ्या उघड्या दारातून आत गेली. घाईत मी पडदा माझ्या खुर्चीवर टाकला होता. इरकली काठ वरच होता.

"तो पडदा..."

मी काही बोलायच्या आत मनकर्णा बोलली. "बाईंचा हाय. समदं बाईंचंच हाय. हळदीकुंकवापुरतं मागून आनलं हुतं."

"पण तू तर म्हणालीस, मीच केलं."

"म्हनलं खरं. चार बायकांत बरं दिसावं म्हनून." तिनं नजर खाली घातली नाही. "आमा हंगामी मानसांकडं कुठनं येतंय असलं?"

मालनबाई हसल्या. थट्टेनं म्हणाल्या, "बरं सोंग घेतलंस गं!" टाइमकीपर वासानं आधीच अंगणात गेले होते. त्यांनी दुसरी खोली मागितली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या रांगेत पसरलं, की मनकर्णा उसन्या सामानावर मिरवली होती. नळावर बायका तिला विचारायच्या, "काय गं, आजचं लुगडं तुजंच का?" ती घागर उचलून चालू लागायची. मी एकदा म्हणाले, "मी सांगते ना त्यांना खरं काय ते." तर माझ्यावरच उसळली. "आन् मंग खोली गेली म्हंजी? छबूला कुठं घालू?"

पडदा परत बांधता येत नव्हता. तो माझ्या खिडकीला लागला. येणारे-जाणारे मला म्हणायचे, "बाई, हात छान आहे तुमचा." पलीकडं मनकर्णा ऐकायची. थोड्या वेळानं खाट घासल्याचा आवाज यायचा. आता हलवायला तिच्याकडं तेवढी खाटच होती. काही दुपारी ती एकच खाट ती तीन-तीनदा हलवायची.

पुढं चौऱ्याहत्तरच्या हंगामात सहादेव कायम झाला. त्या दिवशी नळावर गर्दी असताना मनकर्णा माझ्या दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, माजा पडदा द्या. मी शिवलेला." मी खुर्चीवर चढून सुतळी सोडली. मागोमाग पलीकडून हातोड्याचे ठोके आले. तिच्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे पहिला खिळा वाकला.

मनकर्णा आता कर्जतला स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात राहते. सत्तरी उलटली, गुडघे धरतात, म्हणून खाट हलवायची झाली की शेजारच्या साळूबाईंना हाक मारते.