चंद्रावरचा अंगठा

साचेकाकांना जन्मभर भीती होती ती फक्त ओलीची. प्लॅस्टरला ओल धरली की महिन्यांची मेहनत पोपडे होऊन गळते, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. माणसांची भीती त्यांना साठी उलटल्यावर वाटू लागली, आणि तीही चंद्रापायी.

छताच्या नक्ष्या, खांबांवरची फुलं, दुकानातले पुतळे हे सगळं साच्यातून काढण्यात त्यांचा जन्म गेला. काम संपलं की प्लॅस्टर आवळून घट्ट होण्याआधी ते एखाद्या कोपऱ्यात अंगठा दाबत. त्यांचे उस्ताद म्हणायचे, "वस्तू गिऱ्हाइकाची. हात आपला. तो तिथे ठेवून यायचा." काकांच्या अंगठ्यावर लहानपणच्या जखमेचा आडवा वण होता. ठसा कुणाचा, हे कुणाला विचारावं लागत नसे.

मागे विज्ञान केंद्राने त्यांच्याकडून शाळेच्या मुलांना दाखवण्यासाठी खोलीभर चंद्राची जमीन करून घेतली. काकांनी पिठाच्या चाळणीने धूळ पाडली आणि पातेल्यांच्या बुडांनी खड्डे उमटवले. "माझी भांडी चंद्रावर गेली, मी मात्र चुलीपाशीच!" म्हणून बायकोने घर डोक्यावर घेतलं. काका हसले, कोपऱ्यातल्या दगडावर अंगठा दाबून आले आणि विसरून गेले.

यंदा कुणीतरी त्या खोलीचा फोटो सगळीकडे पसरवला. खाली लिहिलं होतं, 'हाच तो चंद्र, जिथे माणूस उतरल्याचं सांगतात.' दगडावरच्या ठशाभोवती लाल गोल होता.

मेहुणा फोन नाचवतच घरात शिरला. "भाऊजी, हा वण ओळखीचा वाटतो का?"

"अरे, हे तर केंद्रातलं काम माझं!"

"तेच! तेच चारचौघांत सांगा."

"पण ते पोरांना बघायला केलंय. खऱ्या चंद्राचा काय संबंध?"

मेहुण्याने आवाज खाली आणला. "तुम्हाला कळू दिलं नसेल."

हे वाक्य काकांच्या कानात अडकून बसलं. ते केंद्रात सांगायला गेले, तिथला साहेब म्हणाला, "दुर्लक्ष करा." न्हाव्याच्या दुकानात गेले तर तिथे हाच वाद पेटलेला. न्हाव्याने त्यांची मान मागे टेकवली, गळ्यावर वस्तरा धरला आणि विचारलं, "काका, खरं बोला. चंद्रावर गेले होते का नव्हते?"

"गेले असतील की," काका ओठ न हलवता म्हणाले.

"असतील?" बाकावरचा शिक्षक उखडला. "असली मोघम बोलणारी माणसंच अफवेला खतपाणी घालतात!"

"त्याला गप्प बसवलंय," दुसरा म्हणाला. "डोळे बघा त्याचे."

वस्तरा थांबला. आरशातली सगळी माणसं काकांच्या डोळ्यांकडे पाहत होती. काकांनी ते मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी घराच्या दारावर लाल रंगात एक अंगठा उमटला होता. बायकोने घासून पुसला. पुढच्या सकाळी तीन. मग कडीच्या वर, खिडकीच्या चौकटीवर, हात पोहोचेल तिथे अंगठेच अंगठे. बायको दिवसाही खिडकी लावून घेऊ लागली. "अहो, त्या दगडावरचा ठसा बुजवून टाका ना. ना रहेगा बांस!" ती म्हणाली. काकांनी आयुष्यात आपला ठसा कधी बुजवला नव्हता. पण ती खिडकीची कडी पुन्हा एकदा ओढून बघत होती.

केंद्र उघडायच्या वेळी ते प्लॅस्टरची पिशवी घेऊन गेले. रखवालदार ओळखीचा, त्याने सोडलं. काकांनी राखाडी रंग कालवला, दगडाशी ताडून पाहिला आणि ठसा भरला. रंग हुबेहूब जुळला, आणि चूक झाली ती तिथेच. ओल्या प्लॅस्टरशी रंग जुळवायचा नसतो, ते वाळलं की उजळतं. काकांनी हे कित्येक शिकाऊंना शिव्या देऊन शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांचं लक्ष फक्त कुणी यायच्या आत मागच्या दाराने सटकण्याकडे होतं.

दुपारपर्यंत राखाडी दगडावर अंगठ्याएवढा पांढरा डाग उठला, आणि रविवारी सकाळी सार्वजनिक सभागृहात तो पडद्याएवढा झाला. एका बाजूला आधीचा फोटो, दुसऱ्या बाजूला नंतरचा. याच वादावर सभा भरली होती, आणि मेहुण्याने काकांना नि बायकोलाही तिथे आणून बसवलं होतं. "पुरावा कुणी मिटवला?" व्यासपीठावरचा वक्ता गरजला. शिक्षक उभा राहून ओरडत होता की ही नुसती प्रतिकृती आहे. लोक त्याला खाली ओढत होते.

बायको बाही धरत असतानाच काका उठले. "मी भरला."

वक्ता व्यासपीठाच्या कडेपर्यंत आला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. भीतीने."

"कुणाच्या भीतीने?"

"तुमच्या."

कुणीतरी खो खो हसलं. वक्ता हसला नाही. "अंगठा दाखवा," तो म्हणाला. मग मागच्या रांगेतून, दोन्ही बाजूंनी, सगळेच म्हणू लागले, "अंगठा! अंगठा!" शिक्षकसुद्धा म्हणत होता. काकांनी हात वर केला. शेकडो फोन उठले. पडद्यावर त्यांचा अंगठा उमटला, भिंतीएवढा, वणासकट. काका काय सांगत होते ते कुणी ऐकलं नाही.

बाजूच्या दाराने दोघं बाहेर पडली आणि न बोलता गल्ल्या गल्ल्यांतून घरी आली. दारासमोर बायको थबकली. सकाळी निघताना तिने स्वतः पुसलेल्या फळीवर एकच ठसा होता. त्यावर आडवा वण होता.

ती ठशाकडे पाहत राहिली, मग त्यांच्याकडे. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हा तुम्ही तर नाही ना दाबलात?"

"वेडी आहेस का? मी तुझ्याबरोबरच होतो."

"होतात," ती म्हणाली. पण नजर हलली नाही.

तिला दाखवावं म्हणून काकांनी आपला अंगठा त्या ठशावर टेकवला. तो तंतोतंत बसला. त्यांनी झटकन हात मागे घेतला आणि वळून मोकळ्या गल्लीकडे पाहिलं. अंगठा लाल झाला होता. रंग अजून ओला होता.