एल जेमच्या दाराबाहेर

माझ्या सासूबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझ्या नवऱ्याला चार शब्द सुनवावे लागतील आणि मग स्वतःलाही. महिना झाला त्या गोष्टीला, पण माझा राग काही उतरत नाही.

सासूबाईंचं नाव सुहासिनी. कोल्हापूरला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत त्या एकतीस वर्षं अनुरेखक होत्या. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचा, हे अनुरेखकाचं काम. धरणांचे सांडवे, कालव्यावरचे पूल, जलसेतूच्या कमानी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. रेघ चुकली की ब्लेडनं अलगद खरवडायची आणि पुन्हा काढायची. आणि इतकं सगळं काढणाऱ्या या बाईला कुणी एकदाही साइटवर नेलं नाही. जीप जायची, तिच्यात साहेब बसायचे, ड्राफ्ट्समन बसायचे, जागा उरली तर शिपाईसुद्धा बसायचा. "बाईमाणसाला कुठं नेता, तिथं सोय नसते," एवढं साहेबांनी म्हटलं की विषय संपला. एका धरणाच्या उद्घाटनाला तेवढं नेलं होतं, ते मंत्र्यांना ओवाळायला. मांडव होता पायथ्याच्या गावात. भिंत लांबून दिसली, ती कशी बांधलीय ते बघायला मिळालं नाही. आज सत्तरी गाठली तरी हे सांगताना त्यांचा आवाज चढतो.

आम्ही इकडे परदेशात, एनिस या छोट्या गावी, सात वर्षं आहोत. माझा नवरा इंद्रनील शॅननला स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि मी जवळच्याच एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासते. आमची निधी दोन वर्षांची आहे. तिला सांभाळायला आमच्या घरी आज्या येतात. व्हिजिट व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून एक गेली की दुसरी येते. माझी आई हिवाळ्यात, सासूबाई उन्हाळ्यात. आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं. शनिवारी भेटलो की याला सगळे 'आजीची शिफ्ट' म्हणतात आणि हसतात. मीही हसले आहे.

या शिफ्टमध्ये सासूबाई सकाळी साडेसहाला उठतात. डबे, निधीचं खाणं, तिची अंघोळ, पाऊस आला की दोरीवरचे कपडे आत, उघडला की पुन्हा बाहेर, असं दिवसातून चार वेळा. कुणी विचारलं की इंद्रनील सांगतो, "आई मस्त एन्जॉय करतेय. शी'ज ग्रँड!" हे वाक्य ऐकलं की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. तेव्हा मात्र जात नव्हती, हेही खरं.

त्यांची एकच चैन होती. निधीला बगीत, म्हणजे बाबागाडीत, घालून त्या गावातल्या लायब्ररीत जायच्या. तिथं एप्रिलमध्ये त्यांना रोमन बांधकामावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात ट्युनिशियातल्या एल जेम नावाच्या छोट्या गावातल्या अँफिथिएटरचा छेद होता, म्हणजे मधोमध कापून आतलं दाखवणारं चित्र. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) कपाटातला बेकिंगचा पातळ कागद घेतला आणि निधी झोपली की रोज थोडं थोडं करत चार दुपारींत तो छेद उतरवून काढला.

"हे बघ, देवयानी," मला दाखवत त्या म्हणाल्या, "तीन मजली कमानी, एकावर एक. आणि मैदानाच्या खाली बोळ, दोन्ही बाजूंनी खोल्या, जनावरं डांबायला. पण हा बोळ काढणाऱ्यानं काहीतरी घोटाळा केलाय. वरचं वजन खाली कुठं उतरतंय, तेच दिसत न्हाई. प्रत्यक्ष बघायला पायजे."

योगायोगानं त्याच आठवड्यात इंद्रनीलनं जूनच्या सुट्टीसाठी ट्युनिशियाचं पॅकेज शोधलं. ऊन, स्विमिंग पूल, बुफे, आणि सोबतीला ॲडम्सटाउनला राहणारा त्याचा मित्र हर्षवर्धन, त्याची बायको क्षितिजा आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. हॉटेलपासून एल जेम गाडीनं एक तासावर होतं. आईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं आणि इंद्रनील म्हणाला, "नक्की जाऊ, आई. तुझ्यासाठी एक दिवस फिक्स." व्हिसाची कागदपत्रं त्या बाईंनी स्वतः लावली, एकेका पानावर नंबर घालून. इतक्या उत्साहात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही मिनीबस करून निघालो. ते गाव म्हणजे बसकी पांढरी घरं, आणि त्यांच्या डोक्यावरून ती प्रचंड पिवळट भिंत वर आलेली. आई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. गाडी थांबली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, ऊन भाजत होतं आणि दोन्ही मुलं बग्यांत गाढ झोपली होती. दारावरच्या माणसानं सांगितलं, आत दगडी पायऱ्या आहेत, बग्या चालणार नाहीत.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग चौघांनीही आईंकडे पाहिलं. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

"आई, तू इथे सावलीत बस ना," इंद्रनील म्हणाला. "आम्ही पटकन चाळीस मिनिटांत येतो. मग मी बसतो आणि तू निवांत बघ."

समोर एक कॅफे होता. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन बग्यांच्या मधे आई बसल्या. त्यांचं तिकीट आम्ही सगळ्यांबरोबरच काढलं होतं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

चाळीस मिनिटांचे जवळजवळ दोन तास झाले. आत आम्ही काय करत होतो? फोटो काढत होतो. क्षितिजाला वरच्या कमानीत उभं राहून फोटो हवा होता, मग मला हवा होता, मग हर्षवर्धननं रील केलं, ते बिघडलं म्हणून पुन्हा केलं. मध्ये एकदा मला आई आठवल्या. "अरे, वेळ झाला," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात क्षितिजानं हाक मारली तशी निघून गेले. तेवढ्यापुरती त्या बाहेर आहेत हेच मी विसरले. विसरले असं म्हणणंही सोयीचंच आहे.

बाहेर आलो तर मुलं उठलेली, हर्षवर्धनचा मुलगा रडून लालबुंद झालेला. आईंनी आपली ओढणी निधीच्या बगीवर बांधली होती आणि स्वतः उन्हात सरकल्या होत्या. कारण सावली कधीच पलीकडे गेली होती. आम्हाला बघून त्या उठल्या, कपडे झटकले आणि दाराकडे निघाल्या.

"काकू, सॉरी हं," हर्षवर्धन घड्याळ बघत म्हणाला, "पण आता निघायला हवं. सहाला हॉटेलवर मुलांचा शो आहे, बुकिंग केलंय."

आई थांबल्या. त्यांनी हर्षवर्धनकडे पाहिलंसुद्धा नाही, मुलाकडे पाहिलं. आणि माझा नवरा काय म्हणाला असेल?

"आई, खरं सांगू का, आत तसं काही नाहीये. पडझडच आहे सगळी. बाहेरूनच भारी दिसतं. मी तुझ्यासाठी फोटो काढलेत, गाडीत दाखवतो." आणि वर कडी म्हणजे, "आणि माहितेय का, या कमानी पायाशिवाय उभ्या आहेत. म्हणजे लोड कसा ट्रान्सफर होतो बघ..." असं म्हणत तो हातांनी कमान करून आईंना शिकवायला लागला. त्या बाईंना, ज्यांनी त्याच्या जन्माआधीपासून कमानी काढल्या होत्या!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं? मूग गिळून बगीची घडी केली. हर्षवर्धनसमोर कशाला तमाशा, घरी गेल्यावर बघू, असं मनाशी म्हटलं. घरी गेल्यावर आम्ही कधीच काही बघत नाही.

गाडी निघाली. इंद्रनील फोन पुढे करून फोटो दाखवू लागला. आईंनी दोन फोटो पाहिले. गावाबाहेर रेल्वेचं फाटक लागलं होतं, तिथं गाडी थांबली तशी त्यांनी दार सरकवलं आणि त्या खाली उतरल्या.

"आई! कुठे चाललीस?"

"मी आत जातो," आई म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका 'जातो, येतो'च म्हणतात, तशाच त्याही बोलतात. "तुम्ही जावा."

"आई, प्लीज, सीन करू नकोस. हे लोक काय म्हणतील?"

मग आई बोलल्या. भर रस्त्यात, ड्रायव्हरसमोर, हर्षवर्धनसमोर, इतक्या मोठ्यानं की फाटकाशी उभा असलेला सायकलवालाही वळून बघायला लागला.

"म्हणू देत! एकतीस वर्षं जीपमध्ये जागा न्हाई म्हणून ऐकलं. तो साहेब परका होता, त्याचं मी काय करणार? तू माझ्या पोटचा हायेस. तुझ्या गाडीत जागा हाय, माझ्या हातात तिकीट हाय, तरी मी बाहेरच? मी तुझी आई हाय का पोरं सांभाळायला आणलेली बाई?"

आई वळल्या, दोन पावलं गेल्या आणि पुन्हा मागं बघून मला म्हणाल्या, "निधीला अर्ध्या तासानं दूध दे. बाटली निळ्या पिशवीत हाय." इतक्या संतापातही ते त्या विसरल्या नाहीत, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. माझ्या मुलीच्या दुधाची आठवण मला का करून द्यावी लागते?

मी उतरले. इंद्रनील म्हणाला, "आता तू पण?" मी म्हटलं, "बाटली निळ्या पिशवीत आहे."

आई झपाझप चालत होत्या. मी मागून हाका मारल्या, त्यांनी वळून पाहिलं नाही. दारावरच्या माणसानं त्यांचं तिकीट फाडलं आणि त्या आत गेल्या. मला मात्र त्यानं हात आडवा केला. माझं तिकीट वापरलेलं होतं आणि पर्स गाडीत राहिली होती. मी विनवण्या केल्या, त्यानं मान हलवली. शेवटी मी जाऊन त्याच कॅफेच्या खुर्चीवर बसले.

बसल्या बसल्या इंद्रनीलचे फोन सुरू झाले. आम्ही किती वेळ थांबायचं? हर्षवर्धन वैतागलाय. आईला सांग, उद्या परत येऊ. मी त्याला नको नको ते बोलले. तुला आई कधी दिसलीच नाही, तुला फक्त फुकटची आया दिसली, असंही बोलले. कॅफेवाला ग्लास पुसत दुसरीकडे बघत होता. इंद्रनील म्हणाला, "देवयानी, तू सुद्धा दोन तास आतच होतीस. तू तरी कुठे बाहेर आलीस?"

मी फोन ठेवून दिला. ते सगळे हॉटेलवर गेले. आम्ही दोघी नंतर आईंच्या जवळच्या पैशांनी तिकिटं काढून आगगाडीनं गेलो.

दार बंद व्हायच्या वेळी आई बाहेर आल्या. गुडघ्यांना माती, कोपरांना माती, केसांत कोळिष्टक. चेहरा उजळलेला होता. मला बघितल्यावर तो पुन्हा मिटला.

"कसं होतं?" मी विचारलं.

"तू बघितलंस की. मला कशाला विचारतेस?"

आम्ही स्टेशनच्या दिशेनं चालायला लागलो. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "त्या पुस्तकवाल्यानं बोळाच्या भिंती बारीक काढल्यात. प्रत्यक्षात चांगल्या जाड आहेत. वरचं वजन तिथंच उतरतंय. तू हात लावून बघितलास?"

"कशाला?"

"खालच्या बोळाच्या भिंतीला."

मी खाली गेलेच नव्हते. खाली जायला वाट आहे हेही मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

आई चालता चालता थांबल्या. "मग दोन तास केलंस काय?"

रस्त्यावर उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग अगदी साध्या आवाजात, भाजी संपलीय असं सांगावं तसं सांगितलं, "पुढच्या उन्हाळ्यात मी येणार न्हाई. तुझ्या आईलाही फोन करणार आहे. तिला काय बघायचं असंल, ते तिला आधी बघू दे."

मी म्हणायला हवं होतं की आई, तुमचं बरोबर आहे. मनात खरंच तेच होतं. पण त्याच्याही आधी, त्या रस्त्यावर, त्यांच्या कपड्यांवरची माती मी बघत असताना, माझ्या तोंडून निघालं, "मग निधीला कोण बघणार?"